साहेबांची झाडं

कार्यक्रम संपला की आमच्या कॉलेजात सगळी माणसं जेवणाकडे जायची आणि ते एकटे उलट्या दिशेने, पोर्चकडे. चालण्यात घाई नसे. डावा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला, जणू त्यात आधीच काहीतरी आहे. पाच मिनिटांनी परत येत तेव्हा त्या हातात एक कुंडी असे, आणि कोणी बघितलंच तर ते स्वतःहून सांगत, "विसरले असतील. मोठी माणसं, मागं शंभर कामं."

तुम्ही अलीकडे एखाद्या परिषदेला गेला असाल तर तुम्हालाही हे माहीत असेल. पाहुण्यांना आता फुलांचा गुच्छ देत नाहीत, रोप देतात. पाहुणे रोप हातात धरतात, फोटो होतो, टाळ्या होतात. मग ते रोप टेबलाखाली जातं. निघताना कोणीतरी ते आठवणीने गाडीपर्यंत नेतं. गाडीत शाल, स्मृतिचिन्ह, फायली. ड्रायव्हर म्हणतो, सीटला माती लागेल. गाडी निघून जाते आणि रोप पोर्चच्या खांबाशी उभं राहतं, कोणीतरी घ्यायला येणार असल्यासारखं.

मी हे इतक्या वेळा पाहिलं, कारण मी कुठल्याही कार्यक्रमात दाराजवळच्या खुर्चीवर बसते. तिथून लवकर बाहेर पडता येतं आणि कोणी प्रश्न विचारत नाही.

पोर्चकडे जाणारे ते गृहस्थ कॉलेजच्या ऑफिसात सीनियर असिस्टंट होते. निवृत्त झाल्यावरही कार्यक्रम असला की त्यांना बोलावणं जाई, कारण समई कुठल्या कपाटात आहे, माइकची कुठली वायर शॉक देते आणि कुठल्या पाहुण्यांना शाल पांघरलेली आवडत नाही, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. नल्लकुंटा भागात आमच्या घरामागच्या गल्लीत ते एकटे राहत. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगी नांदेडला. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला 'स्कॉलर' म्हणायचे, कारण मी त्याच कॉलेजात पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होते, अजूनही करतेच आहे. "काय स्कॉलर, झालं का पुस्तक लिहून?" असं ते भर कॉरिडॉरमध्ये विचारायचे आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

ती रोपं पुढे कुठे जातात, हे मला आईच्या लिंबाच्या लोणच्यामुळे कळलं. आईने बरणी दिली, मी त्यांच्या घरी गेले. वरून आवाज आला, "गच्चीवर ये, हात मातीत आहेत."

गच्चीवर झाडं होती. ते काही विशेष नाही, नल्लकुंट्यात पुष्कळ गच्च्यांवर असतात. पण इथे प्रत्येक झाडाच्या गळ्यात परिषदेचं ओळखपत्र होतं. निळी, हिरवी, लाल फीत आणि तिला लटकलेलं प्लास्टिकचं पाकीट. पाकिटात छापील नाव, पद आणि खाली 'प्रमुख अतिथी' किंवा 'बीजभाषक'. पाहुणे ही ओळखपत्रंही टेबलावरच ठेवून जात.

"पाकीट चांगलं असतं," काका म्हणाले. "पाऊस लागला तरी आत थेंब जात नाही."

"काका, ही सगळी तुमची?"

"माझी कशाला? साहेबांची आहेत. माझी ती तुळस, तेवढी." त्यांनी हातातली खुरपी एका कुंडीकडे दाखवली. "जॉइंट डायरेक्टर साहेब जरा पिवळे पडायलेत बघ. पाणी जास्त झालं. कुलगुरू आता बरे आहेत. मागच्या महिन्यात माव्याची कीड पडली होती त्यांच्यावर."

मी हसले. ते हसले नाहीत. ते गंमत करतात की गंभीर आहेत, हे मला पुढे कितीतरी महिने ठरवता आलं नाही, आणि मला वाटतं त्यांनीही ते ठरवलेलं नसावं.

एक निवृत्त अधिकारी होते, त्यांना उद्‌घाटनाची आवड. आमच्या कॉलेजात ते तीनदा आले आणि तीनदा रोप ठेवून गेले. करंज, पेरू आणि कण्हेर. काकांनी तिघांना एका रांगेत ठेवलं होतं. "एकाच घरातले आहेत," ते म्हणाले. दुसऱ्या एका साहेबांची बढती झाल्याचं पेपरात आलं, तेव्हा काकांनी ओळखपत्र बाहेर काढून पद बॉलपेनने दुरुस्त केलं आणि झाड मोठ्या कुंडीत हलवलं. "प्रमोशन झालं. लहान कुंडीत बरं दिसत नाही."

एकदा दिल्लीहून आलेले एक गृहस्थ कार्बन कमी करण्यावर तासभर बोलले आणि कडुलिंबाचं रोप व्यासपीठावरच ठेवून गेले. मला राग आला होता. मी तो गच्चीवर बोलून दाखवला, कारण तिथे बोलता यायचं.

"अगं, विमान होतं त्यांचं," काका म्हणाले. "विमानात कडुलिंब नेऊ देतात का? परेशान झाले असते बिचारे."

त्यांनी आयुष्यात कोणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. मात्र लिहून सगळं ठेवलं होतं. ऑफिसच्या सवयीने त्यांनी एक जाड रजिस्टर उघडलं होतं, त्यात प्रत्येक झाडाला क्रमांक आणि पान. रोप कुठल्या कार्यक्रमात दिलं, कुठे सापडलं, कोणी ठेवलं आणि पुढे त्याचं काय काय झालं. भाषा सरकारी. 'आज साहेबांचे शेंडे खुडले.' 'साहेबांच्या मुळ्या कुंडीबाहेर आल्याने छाटल्या.' मी गेले की ते मला त्यातलं एखादं पान मोठ्याने वाचायला लावायचे.

माझं मराठी घरात बोलण्याचं. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी, बाहेर तेलुगू. काकांचं अक्षर वाचताना मी प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबायचे.

"इंग्लिश मीडियम," ते म्हणायचे, "ब्रेक लागायलेत. चल चल, दुसऱ्या गिअरवर घे." हे मी आज मराठीत लिहू शकते आहे त्यात त्या रजिस्टरचा मोठा वाटा आहे, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी गेले तर ते झाडं मोजत होते. एका टोकाकडून मोजून झाली, मग दुसऱ्या टोकाकडून.

"सदतीस," ते म्हणाले. "मालकांनी घर डेव्हलपमेंटला दिलं. मे संपायच्या आत खाली करायचंय. मी चाललो नांदेडला, मुलीकडं."

"आणि ही?"

"तिची बाल्कनी एवढी." त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं. "त्यात वॉशिंग मशीन."

त्यानंतर महिनाभर ते झाडांसाठी जागा शोधत फिरले. शेजाऱ्यांना गुलाब हवे होते, करंज कोणाला नको होता. नर्सरीवाला म्हणाला, कुंड्या घेतो, झाडं तुम्हीच उपटून द्या. कॉलेजात त्यांनी प्राचार्यांना विचारलं. पण हरित कॅम्पसच्या तपासणीसाठी आवारात नुकत्याच फरश्या बसवल्या होत्या आणि माती उरली होती ती फक्त हिरवळीची, जिथे पाहुण्यांच्या स्वागताचा फलक लावतात.

"झाड देतात," काका तेव्हा म्हणाले, "जागा कोण देत नाही." मग लगेच पुढे, "त्यांना तरी कुठं असेल म्हणा. फ्लॅटमध्ये राहतात बिचारे."

त्यांनी पत्रंही लिहिली होती. एक-दोन नाही, प्रत्येक साहेबांना एक. 'विषय : आपले रोप आपल्याकडे परत नेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की.' सगळा गठ्ठा रबर लावून कपाटात. एकही टाकलं नव्हतं.

"टाका ना काका."

"असं साहेबांना लिहायचं नसतं गं. आपण ऑफिसची माणसं." थोडा वेळ ते गठ्ठ्याचं रबर ताणत बसले. "तू वाचणार आहेस ना पेपर, एप्रिलमधल्या परिषदेत? त्यात टाक. परिषदेत बोललं म्हणजे वेगळं असतं. त्यावर काहीतरी होतं."

या माणसाने तीस वर्षं परिषदांच्या खुर्च्या लावल्या, माइक लावले, पाण्याचे ग्लास भरले. तरीही परिषदेत बोललेल्या गोष्टीवर काहीतरी होतं असा त्यांचा विश्वास होता. आत बसून ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी.

परिषद हवामान बदलावर होती आणि माझा पेपर कॅम्पसमधल्या पर्यावरणपूरक सवयींवर, कोणालाही त्रास होणार नाही असा. वाचायची मला भीती होती ती वेगळीच. आदल्या वर्षी मी एक पेपर वाचला तेव्हा काका दोनदा व्यासपीठावर येऊन माइकवर टिचकी मारून गेले होते. माइक चांगला होता.

तरी मी माझ्या गाइड मॅडमना विचारलं. त्यांना कल्पना आवडली. सत्कारात दिलेल्या रोपांचं पुढे काय होतं, यावर कोणी लिहिलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. मग त्यांनी रजिस्टरवरून केलेली माझी झाडांची यादी पाहिली आणि चष्मा काढला. "ही सगळी जगली आहेत."

"हो मॅडम."

"एका माणसामुळे. म्हणजे हा माणूस तुझ्या अभ्यासातला दोष आहे. तो काढला तर एकही झाड उरत नाही."

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. "दोष लिहू नको," ते म्हणाले. "देखभाल लिही."

"आणि नावं झाकावी लागतील काका. अतिथी क, अतिथी ख, असं."

"मग त्यांना कळणार कसं, आपलं कोणतं ते?"

"नियम आहे."

"देताना माइकवरून नाव घ्यायचं, विसरले की नाव झाकायचं. अच्छा नियम आहे तुमचा."

तालीम त्यांनी गच्चीवर घेतली. ऊन उतरलं की मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहायचे आणि समोर रांगेत सगळे बसलेले असत, गळ्यात ओळखपत्रं घालून. काका मागे, कठड्याशी.

"समज की हे सगळे ऐकायलेत," ते म्हणाले. "समजायचं काय, बसलेच आहेत."

मी वाचायला लागले.

"मागं पेरूला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सुरुवात केली.

"कुलगुरूंपर्यंत आलं. पेरू झोपलाय अजून."

तीन संध्याकाळी असं चाललं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. झाडं मध्येच मोबाइल काढत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी "काय वाचायलीस गं?" असं तिथूनच विचारलं, तेव्हा काका समाधानाने खाली बसले. पेरूच्या पलीकडे आवाज गेला होता.

परिषदेच्या दिवशी सकाळी प्रमुख पाहुणे आले. एक मोठे अधिकारी. त्यांनी पृथ्वीविषयी काळजी व्यक्त केली, बकुळीचं रोप स्वीकारलं आणि चहाच्या आधी निघाले. मी दाराजवळून पाहत होते. काका हात वाकवून पोर्चकडे निघाले.

माझं सत्र जेवणानंतर होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. तुम्हाला हे सत्र माहीत असेल. जेवणात बगारा बैंगनची तेलकट वांगी होती आणि पंखे हळू फिरत होते. खोलीत अकरा माणसं, त्यातली सहा स्वतःचा पेपर वाचायची वाट पाहणारी. ज्यांना ऐकू जावं म्हणून मी तीन दिवस ओरडले होते, त्यांच्यातलं कोणी समोर नव्हतं. पहिल्या रांगेत काका होते, इस्त्रीच्या बुशशर्टमध्ये, मांडीवर बकुळीची कुंडी.

अध्यक्ष म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या एक निवृत्त प्रोफेसर मॅडम होत्या, वनस्पतिशास्त्रातल्या. हातमागाची साडी, समोर घंटी. आठ मिनिटं झाली की अर्ध्या शब्दावर माणसाला खाली बसवतात अशी त्यांची कीर्ती.

मी सुरुवात केली ती नेहमीच्याच आवाजात. मग गच्चीचा फोटो पडद्यावर आला. नावं मी पुसली होती, पण फिती आणि पाकिटं दिसत होती. कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं. माझ्या वाचण्यावर कोणी हसतंय आणि मला पळून जावंसं वाटत नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. मी जरा मोठ्याने वाचू लागले.

शेवटी प्रोफेसर मॅडमनी इंग्रजीत विचारलं, या कॉलेजात जैवविविधतेवर एक परिषद झाली होती, तिचाही यात समावेश आहे का.

मी हो म्हणाले.

त्यांनी माझ्यावरून नजर काढून पुढच्या रांगेकडे पाहिलं. तो माणूस कोण ते आतापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. इंग्रजी सोडून त्या म्हणाल्या, "मेरा भी है क्या उसमें?"

काका कुंडीसकट उभे राहिले. "हौ मॅडम, है ना. सीताफल. सत्रा नंबर. दो बार कुंडी बदला मैं."

"मैं छोड के गई थी?"

"नई मॅडम. आप तो फोन पे थे. ड्रायव्हर खंबे के पास रख दिया."

सतरा नंबरचं पान मी वाचलं होतं, अडखळत, मोठ्याने. त्यावर लिहिलं होतं, 'मॅडमनी स्वतः टेबलावर ठेवले. आठवण केली असता "राहू दे" म्हणाल्या.'

मग मागून एका संशोधकाने विचारलं की या अभ्यासाची शिफारस काय. माझ्या शेवटच्या पानावर तीन शिफारशी होत्या, धोरण, जाणीवजागृती आणि समन्वय या शब्दांच्या. मी त्या वाचणारच होते. पण काका माझ्याकडे बघत होते, साहेबांकडे फाइल गेली की ऑफिसातली माणसं दाराबाहेर जशी उभी राहतात तसे.

मी पडद्याकडे पाठ केली. म्हणाले, हे घर मे संपायच्या आत रिकामं करायचं आहे. सदतीस झाडं आहेत. ज्यांना ती दिली होती त्यांनी येऊन घेऊन जावीत, आणि ज्यांना दिली नव्हती त्यांच्याकडे जमीन असेल तर त्यांनीही यावं. माझा आवाज मागच्या भिंतीला लागून परत आलेला मी ऐकला.

मॅडमनी घंटी वाजवली. आठ मिनिटं झाली होती. मग पेन उघडून विचारलं, "पत्ता?"

मी पत्ता फळ्यावर लिहिला.

त्यावर काहीतरी झालं, पण काकांनी कल्पिलं होतं तसं नाही. जॉइंट डायरेक्टर साहेबांनी ड्रायव्हर पाठवला. त्याने साहेबांचं पिवळं झाड पाहिलं आणि शेजारचं कुलगुरूंचं क्रोटन उचलून नेलं. एक बाई आल्या, त्यांना नवऱ्याच्या कण्हेरीच्या बदल्यात मोगरा हवा होता. कॉलेजातल्या तीन-चार जणांनी शोभेची रोपं नेली. काकांनी प्रत्येकाकडून रजिस्टरमध्ये 'मिळाले' म्हणून सही घेतली आणि प्रत्येकाला उन्हाचं, पाण्याचं सांगितलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेवीस उरली. सगळी खरीखुरी झाडं होती. करंज, कडुलिंब, पिंपळ, जांभूळ. यांना कुठल्या फ्लॅटमध्ये कोण ठेवणार?

त्या आठवड्यात मी गेले तेव्हा काका एका कडुलिंबापुढे बसले होते. खुरपी हातात होती, पण ते काही करत नव्हते. त्यांनी मला स्कॉलर म्हटलं नाही.

"कुंडीत ठेवून ठेवून मी यांना लहान ठेवलं बघ," ते म्हणाले. "दर वर्षी मुळ्या कापल्या. चूक माझी पण आहे. पहिल्याच वर्षी गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणायला पाहिजे होतं, साहेब, झाड राहिलं. एवढंच म्हणायचं होतं. गाडीपर्यंत जायचो मी, हात पण वर करायचो. झालं नाही माझ्याच्यानं."

असं न झालेलं माझ्याकडेही पुष्कळ आहे.

प्रोफेसर मॅडम आल्या त्या रविवारी, सीताफळ न्यायला. तीन मजले चढून त्यांना दम लागला होता. त्या उलट्या बादलीवर बसल्या, मग उठून ओळखपत्रं वाचत रांगेतून फिरल्या. काही नावांवर त्या थांबून हसत होत्या. सीताफळापाशी आल्यावर त्यांनी रजिस्टर मागितलं.

काका चपापले. "मराठी में है मॅडम. आपको नई आएगा."

मॅडमनी ते त्यांच्याकडून घेऊन माझ्या हातात दिलं. "तुम पढो."

मी सतरावं पान उघडलं. काका तुळशीची पानं निवडू लागले. मी पानावर बोट ठेवून वाचलं, "मॅडम फोनवर असल्याने ड्रायव्हरने रोप खांबाजवळ ठेवले." आणि त्याचा हिंदीत अर्थ सांगितला.

"आज ब्रेक लागला नाही," काका तुळशीकडे बघत म्हणाले.

मॅडमनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चाळीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फिरलेल्या बाई त्या. त्या एवढंच म्हणाल्या की त्यांच्या भावाची शहराबाहेर, शंकरपल्लीच्या पुढे जमीन आहे, बांधांवर झाडं नाहीत, आणि बाकीच्यांचं काय करायचं ठरवलं आहे?

आता काका नांदेडला असतात. रविवारी फोन करतात. शंकरपल्लीला पाऊस झाला का, हे मला इथून सांगता येत नाही, तरी विचारतात. मी मॅडमना विचारून कळवते. त्यांच्याशी फोनवर बोलायला मला आता पूर्वीसारखी आधी कागदावर वाक्यं लिहून ठेवावी लागत नाहीत. यंदाही आमच्याकडे परिषद झाली, रोपं दिली गेली. मी जेवणाकडे न जाता पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. दोन गाड्यांच्या काचेवर टकटक केली. एक थांबली. ते काकांना सांगितलं तर म्हणाले, "दुसरीला घाई असेल." मग म्हणाले, "एक थांबली म्हणतेस?" आणि ती कोणाची होती, साहेब काय म्हणाले, रोप पुढच्या सीटवर ठेवलं की मागच्या, हे सगळं दोनदा विचारून घेतलं.

पण मला ते दिसतात ते मेमधल्या त्या शेवटच्या शनिवारचे. मॅडम एक ट्रॉली ऑटो घेऊन आल्या होत्या. सकाळभर आम्ही झाडं खाली उतरवली. ट्रॉलीत एकमेकांना टेकून तेवीस साहेब उभे राहिले, मॅडमच्या सीताफळासकट, गळ्यातल्या फिती वाऱ्यावर. गल्लीतली माणसं दारात आली. समोरच्या किराणावाल्याने विचारलं, "क्या चाचा, सब साब लोगां किधर चले?"

"रिटायर हुए," काका म्हणाले.

मॅडम ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. काकांनी मागचा फळका लावला, कडी नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं. मी रजिस्टर राहिलं म्हणून वर गेले होते. गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं तेव्हा ट्रॉली निघाली होती आणि काका तिच्यामागे चालत होते, एक हात फळक्यावर ठेवून. त्यांना ढकलायचं नव्हतं, थांबवायचंही नव्हतं. गल्लीच्या मध्यावर गतिरोधक आहे. तिथे ते भरभर पुढे गेले, ड्रायव्हरच्या खिडकीवर टकटक केली आणि वाकून काहीतरी बोलले. वर मला काही ऐकू आलं नाही. ट्रॉलीची मागची चाकं इतकी सावकाश वर चढून खाली उतरली की एकही फांदी हलली नाही, आणि काका पुन्हा मागे येऊन फळक्यावर हात ठेवून चालू लागले.